अडलेली गाय

रात्रीचे साडेअकरा. आत्ताच गोठ्यावरून आलो. गाय दुपारपासून अडली होती. सोबत इंटर्नशिपला आलेली मुलगी होती. साडेपाच वर्षांच्या पशुवैद्यकीय शिक्षणातलं हे तिचं शेवटचं वर्ष. म्हटलं, "आधी तू हात घाल."

आत काही दिसत नाही, बोटांनीच पाहायचं. पाय लागला, पण पुढचा की मागचा? ती पुटपुटत होती: खुरावरचा सांधा आणि त्याच्या वरचा सांधा एकाच दिशेला वाकले तर पुढचा, उलट दिशांना वाकले तर मागचा. "उलट वाकतायत सर. मागचा आहे." वासरू पायाळू होतं. कळ आली की तिचा हात हाडावर दाबला जायचा. तशीच थांबायची, कळ ओसरली की पुन्हा चाचपायची. तिचं ते थांबणं मला फार आवडलं. पायाळू वासराची नाळ वाटेत दाबली जाते, म्हणून कंबर बाहेर येऊ लागल्यावर रेंगाळून चालत नाही. तिथे तिनं वेळ घालवला नाही.

वासरू जगलं. चीक लवकर पाजायचा, हे तिनं गायवाल्या मामांना त्यांच्याच बोलीत सांगितलं. जनावराचं दुखणं मालकाच्या बोलण्यातून काढून घ्यावं लागतं: रवंथ केला का, शेण कसं पडलं. आम्हाला वर्गात हे कुणी नीट शिकवलं नाही, याची खंत अजून आहे.

उद्या तिला डाव्या भकाळीवर मूठ ठेवून पोटाच्या लाटा मोजायला लावायच्या.