आठ पावले मागे

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये एक जंगल आहे. आमच्यापैकी एक जण त्या जंगलाच्या पूर्वेस राहतो, दुसरा पश्चिमेस. सरळ रेषेत हे अंतर बारा-एक किलोमीटरांचे. पण एकमेकांकडे जायचे तर लोकलने दादर गाठून पुन्हा उत्तरेकडे यावे लागते. या जंगलाच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. कालिन्याला एम.ए. करीत असताना, २००३ च्या डिसेंबरात, भाषेचा इतिहास शिकवणाऱ्या सरांनी आमचा सारा वर्ग तेथे नेला होता. 'लेणे' हा शब्द लेण्याच्या दारातच शिकावा, असा त्यांचा आग्रह. येथील प्राकृत लेखांत 'लेण' आहे, पाण्याच्या टाक्याला 'पोढी' आहे, आणि सोपारा, कल्याण, नाशिक अशा गावांहून आलेल्या दात्यांची नावे आहेत. आपण ज्या भाषेत हजेरी देतो तिची पणजी या दगडावर बोलते, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम जाणवले.

गेल्या वर्षी सरांचा दूरध्वनी आला. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. गुडघ्यांमुळे कान्हेरीच्या पायऱ्या त्यांना कायमच्या बंद झाल्या आहेत. जुन्या वह्या चाळताना त्यांना एक शंका पुन्हा भेटली होती. एका लहानशा लेखातील दात्याच्या नावात छापील वाचन 'न' देते. सरांनी मात्र त्या सहलीत भिंतीखाली उभे राहून तेथे 'त' वाचला होता आणि तसाच तो वर्गात सांगितला होता. "तुमच्याकडे कॅमेरा आहे म्हणे. एवढे अक्षर मला आणून दाखवा," ते म्हणाले.

कॅमेरा होता खरा. आमच्यातील एकाच्या भाच्याने मिररलेस कॅमेरा घेतला आणि आपला कॅनन १५००डी मामाच्या स्वाधीन केला. नवशिक्यांसाठी २०१८ साली आलेला हा एसएलआर. सोबत नेहमीचे १८-५५ मि.मी.चे भिंग. ते घेऊन आम्ही कान्हेरीस जाऊन आलो. लेख पुरुषभर उंचीच्याही बराच वर आहे. चित्रात दगड आला, ओल आली, एक पालही आली. अक्षर मात्र मुंगीएवढे. ते संगणकावर मोठे केले तर चौकोनी ठिपक्यांचा चिखल. तेव्हा झूम भिंग घेणे प्राप्त झाले. अंदाजपत्रक दहा हजारांचे, कारण आमच्यापैकी एक जण चाळिशी उलटल्यावरही तासिका तत्त्वावर शिकवतो आणि खर्च निम्मा-निम्मा करायचा असे ठरले होते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. कॅमेरा बनवणाऱ्या मोठ्या जपानी कंपन्यांचे लक्ष मिररलेसकडे वळल्यापासून एसएलआरची वापरलेली भिंगे तेथे बरीच दिसतात. आमच्यासारख्यांना ही सुसंधीच. पण सुसंधीत निवडीचा घोळ असतो. कॅननचे ७५-३०० सर्वांत स्वस्त. मात्र त्यात हाताचा कंप सावरणारी यंत्रणा नाही आणि ३०० वर चित्र मऊ पडते. टॅमरॉनचे जुने ७०-३०० बारीक वस्तू जवळून टिपण्यास चांगले. त्याच्याही या स्वस्त आवृत्तीत कंपरोधक नाही. एक १८-२०० चे होते, 'एकातच सगळे' या आश्वासनासह. सगळे सांगणाऱ्या गाइडाविषयी आम्ही विद्यार्थ्यांना जे सांगतो, तेच आम्हांला त्या भिंगाविषयी वाटले. शेवटी कॅननचे ५५-२५०, २०१३ साली आलेले, कंपरोधकासह. वजन पावणेचारशे ग्रॅम.

येथे आमच्यात मतभेद झाला. मुलुंडकराला ठाणे खाडीतील रोहित पक्षी खुणावत होते. ती खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. ऐरोलीहून नावेने तेथे जाता येते. त्याचे म्हणणे, पैसे घालायचेच तर निदान ३०० तरी हवे, म्हणजे सरांचे अक्षरही येईल आणि पक्षीही. बोरिवलीकराचे म्हणणे, थरथरणाऱ्या ३०० पेक्षा स्थिर २५० बरे. दुकानदार शांतपणे चहा घेत होता. अखेरीस त्याने विचारले, "साहेब, तुम्हांला जिथून फोटो काढायचा आहे, तिथून पुढे चालत जाता येते का?"

हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता. आकडे वाचताना लांबचे जवळ आणणे एवढेच झूमचे काम आम्ही धरून चाललो होतो. तसे असते तर कान्हेरीत झूमची गरजच नव्हती. भिंतीला हात लावून उभे राहता येते. लांब आहे ते पक्ष्याचे. चिखलात पाय घालता येत नाहीत, आणि घातले तरी पक्षी उडून जातो. अक्षर लांब नाही, ते उंच आहे. भिंतीपासून एक मीटरवर उभे राहून डोळ्यांपासून अडीच मीटर वरचे अक्षर पाहिले, तर नजर सुमारे ६८ अंशांनी वर जाते. अक्षर जवळ असते, पण दबलेले दिसते. त्याची उंची आक्रसते, उभ्या रेघा बुटक्या होतात. तेच आठ पावले, म्हणजे सुमारे सहा मीटर मागे गेले की कोन २३ अंशांवर येतो आणि अक्षर जवळजवळ आपल्या मूळ अंगाने समोर उभे राहते. मात्र तेवढे मागे गेल्यावर ते लहान होते. झूमचे काम येथे सुरू होते. भिंग आपल्याला पुढे नेत नाही. नीट दिसावे म्हणून आपण जे मागे सरलो, त्याची ते भरपाई करते.

हा हिशेब आम्ही दुकानातच एका पावतीच्या पाठीवर मांडला. सहा मीटरांवरून ५५ मि.मी.ला अडीच मीटरांहून रुंद भिंत चित्रात येते. २५० ला साधारण अर्धा मीटर. बोटभर लांबीच्या अक्षराला मग शेकडो ठिपके मिळतात. सरांच्या कामाला २५० पुरेसे होते; ३०० चा हट्ट पक्ष्यांसाठीच होता. आणि पक्ष्यांच्या बाबतीत खरे सांगायचे, तर ३०० देखील अपुरेच. त्या छंदाची माणसे १५०-६०० वापरतात, ज्यांचे वजन दोन किलोच्या घरात आणि किंमत आमच्या कक्षेबाहेर.

कंपरोधकाचा मुद्दाही त्याच पावतीवर सुटला. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा, की शटरचा वेग भिंगाच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात ठेवावा. आमच्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्याने २५० ला १.६ ने गुणायचे. म्हणजे सेकंदाचा १/४०० भाग. लेण्याच्या सावलीत एवढा उजेड कुठला? त्यात या स्वस्त भिंगांचे छिद्र लांबच्या टोकाला एफ ५.६ हून अधिक उघडत नाही. कंपरोधक साडेतीन पायऱ्यांची सवलत देतो असे निर्माते सांगतात. आम्ही तीनच धरल्या, तरी १/५० वर हातातून चित्र काढणे शक्य होते. उडत्या पक्ष्याला या सवलतीचा काही उपयोग नाही, कारण ती फक्त आपल्या हाताचा कंप सावरते, पक्ष्याची गती नव्हे. शिलालेख मात्र दोन हजार वर्षे हललेला नाही.

वापरलेले भिंग घेताना मुंबईकराने एक गोष्ट विसरू नये. भिंगाच्या मागच्या बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून पुढून आत पाहावे. पहिल्याच भिंगात आम्हांला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. दुकानदाराने न बोलता ते बाजूला ठेवले आणि दुसरे दिले. ते स्वच्छ होते. कडा फिरवताना घरघर नव्हती, फोकस चाचपडत नव्हता. साडेआठ हजारांत व्यवहार झाला. घरी आल्यावर ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवले.

दुसऱ्या खेपेस आम्ही अंगणात आठ पावले मोजून उभे राहिलो. अक्षर भरघोस आले, पण वाचता येईना. कॅमेऱ्यातला फ्लॅश समोरून पडला की दगडातील खाचा सपाट होतात. फ्लॅशविना काढले तर सारी भिंत एकच राखाडी. दहा हजारांच्या आतले भिंग आपले काम करीत होते. उणीव प्रकाशाची होती. मग आमच्यातील एक जण भिंतीशी गेला आणि घरगुती विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून त्याने वरच्या दिशेने धरली. प्रकाश दगडावरून घासत गेला, प्रत्येक खाचेने आपली सावली टाकली, आणि सारी ओळ एकदम भिंतीतून बाहेर आली. एकाने जवळ राहून उजेड धरायचा, दुसऱ्याने लांबून पाहायचे. हे एकट्याचे काम नव्हतेच.

ब्राह्मीतील 'न' म्हणजे उभी रेघ आणि तळाशी आडवी. 'त' म्हणजे उभ्या रेघेच्या तळाशी फाकलेले दोन पाय. पुढे 'न'ची आडवी रेघ टोकांशी खाली वाकू लागली आणि ही दोन अक्षरे एकमेकांच्या फार जवळ आली. आमच्या चित्रात तळाची रेघ किंचित वाकलेली होती, आणि तिच्या उजव्या टोकापासून खाली जाणारा एक पाय स्पष्ट होता. तो पाय असेल तर 'त', सर बरोबर. पण तो अक्षराच्या तळाशी थांबत नव्हता. तो तसाच खालच्या ओळीत उतरत होता आणि तेथील अक्षराला छेदून पुढे जात होता. छिन्नीच्या खाचेला दोन काठ आणि एक तळ असतो; याला काठ नव्हते. ती दगडाची भेग होती.

आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. गेली पंधरा वर्षे आपापल्या वर्गांत आम्ही हे उदाहरण 'त' म्हणूनच देत आलो होतो. छापील वाचनाशी मतभेद कसा नोंदवावा, याचा नमुना म्हणून, सरांच्या नावासह. आता ऐंशी पार केलेल्या माणसाला हे चित्र दाखवायचे होते. 'चित्र नीट आले नाही' असे सांगून परतण्याचा विचार आमच्या मनात आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. उद्यानाच्या दरवाजाकडे येणाऱ्या बसमध्ये आम्ही तो बोलूनही दाखवला. मग बोरिवली स्थानकावर चहा घेताना एकाने दुसऱ्याला विचारले, की विद्यार्थ्याने आपल्याला असे फसवले तर चालेल का. रिक्षा केली आणि थेट सरांकडे गेलो.

सरांनी संगणकावर चित्र मोठे केले, लहान केले, पुन्हा मोठे केले. भेगेवरून बोट खाली नेले. खालच्या ओळीपर्यंत आल्यावर थांबवले. "मी फार जवळ उभा होतो रे," एवढेच म्हणाले. भिंतीखालून पाहताना अक्षर दबले होते. भेगेचा वरचा तुकडाच त्यांच्या नजरेला पाय म्हणून दिसला, ती पुढे कुठे जाते ते दिसले नाही. मग त्यांनी वही मागवली, 'त'वर पेन्सिलीने एक रेघ मारली, शेजारी 'न' लिहिला आणि तारीख घातली. खोडले मात्र नाही. "तुमच्या वर्गातल्या सगळ्यांना कळवा. आणि पुढे शिकवताना माझी चूक म्हणूनच शिकवा."

आम्ही साहित्याची माणसे. संहितेच्या जवळ जा, शब्दाशी थांबा, असे वर्षानुवर्षे वर्गात सांगतो आणि यापुढेही सांगू. पण जवळ जाणे आणि नीट दिसेल अशा जागी उभे राहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे बोरा बाजारातील एका दुकानदाराच्या प्रश्नाने आणि सरांच्या पेन्सिलीने आम्हांला शिकवले. कोणी नवशिका आता विचारतो, की स्वस्तातले कोणते झूम घ्यावे, तेव्हा आम्ही आधी आकडे सांगत नाही. जे पाहायचे आहे ते लांब आहे, उंच आहे, की नुसते अंधारात आहे, हे विचारतो. अंधारात असेल तर विजेरी घ्यावी, पैसे वाचतील.

मुलुंडकर नंतर ते भिंग घेऊन ऐरोलीला गेलाच. रोहित पक्षी चित्राच्या मधोमध गुलाबी ठिपक्यांसारखे आले, आणि मागे इमारतींची रांग. तो फारसा हिरमुसला नाही. कान्हेरीची चित्रे त्याने जून वर्गांसाठी काढून ठेवली आहेत. या वर्षी भाषेच्या इतिहासाच्या पहिल्या तासाला तो दोन चित्रे शेजारी लावणार आहे: एक भिंतीखालून काढलेले, एक आठ पावलांवरून. कोणते अक्षर दिसते, ते आधी विद्यार्थ्यांनी सांगायचे.