एप्रिलात अडकलेलं मीटर

परवा जुने कागद आवरताना लॉगबुकच्या एका पानाची झेरॉक्स सापडली. बोमेचे आकडे, खाडाखोड आणि खाली माझी सही. तो सगळा आठवडा पुन्हा डोळ्यांपुढे आला...

२००७-०८ चा हंगाम. आमच्या परभणी जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटचं बघायचो. उसाच्या रसात चुना घालतात (आमच्या मावशीला हे अजून पटत नाही!). चुना पाण्यात विझवून त्याचं दूध करायचं आणि ते किती दाट आहे ते बोमे अंशात मोजायचं. त्यासाठी चार इंची पाइपवर किरणोत्सर्गी मीटर होतं. एका बाजूला शिशाच्या डब्यात सीझियम-१३७, समोर डिटेक्टर. दूध जितकं दाट, तितके गॅमा किरण पलीकडे कमी पोचणार. बस्स, एवढंच तत्त्व.

नोव्हेंबरात गाळप सुरू झालं आणि मीटर १५ दाखवायला लागलं. हवे होते १३. चुन्यावरच्या मामांना म्हटलं, पाणी वाढवा.

"साहेब, दूध पातळच पडायलंय. हाताला कळतंय की."

"मामा, तुमच्या हातावर आकडे आहेत का?"

मामांनी पाणी वाढवलं. पंप पूर्ण उघडूनही रसाचा पीएच सातला पोचेना. रस आंबट राहिला की गरम असताना त्यातली साखर फुटते, तिचे दाणे होत नाहीत, सगळी मळीत जाते. मीटिंगमध्ये ठपका आला मामांवर, चुना कमी टाकतात म्हणून. दोन दिवसांची हजेरी कापली. मी तिथेच बसलो होतो. काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी लॅबच्या केमिस्टनी हायड्रोमीटर बुडवला. ११! मीटरवर १३. मला वाटलं, पाइपला आतून चुन्याचा थर धरला असेल, त्यानेही मीटर जास्तच दाखवतं. पण शटर बंद करून, सुरक्षा अधिकाऱ्यांना उभं करून पाइप उघडला तर आत लख्ख. परत जोडून साधं पाणी भरलं. शून्य यायला हवं, आले दोन.

मग मेनूत शिरलो. तारीख होती एप्रिलची!

सीझियमचं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं, म्हणजे दरवर्षी सव्वादोन-अडीच टक्के जोर कमी होतो. ही घट मीटर स्वतःच्या कॅलेंडरवरून वजा करतं. हंगाम संपल्यावर वीज बंद, आतली बॅटरी मेलेली, कॅलेंडर तिथेच थांबलं. सात महिन्यांची सव्वा टक्का घट त्याने चुन्याच्या नावावर लिहिली. आणि आम्ही मामांच्या.

नवी बॅटरी, तारीख, पाण्यावर शून्य, तीन नमुने हायड्रोमीटरशी ताडून पाहिले. अर्धा तास लागला. चूक माझ्या मीटरची होती असं लिहून दिलं, पण कापलेली हजेरी परत मिळायला अकरा दिवस आणि चार चकरा लागल्या.

मामांना सांगायला गेलो तर ते चुना ढवळतच होते. वर न बघता म्हणाले, "मग साहेब, मीटर आता कोणत्या महिन्यात आलंय?"