पाया मुरमापर्यंत जाऊ द्या

घर वाढवायचे म्हटले की आपल्याकडे बोलणे फरशी आणि रंगापासून सुरू होते. पाया मातीत जातो, म्हणून त्याची चर्चा होत नाही. पण देवळीच्या काळ्या मातीत राहणाऱ्यांनी आधी पायाचेच बोलले पाहिजे. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. कापसाला ती मानवते, भिंतीला नाही. उथळ पायाची भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते आणि तडकते.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही जुन्या घराला लागून एक खोली काढली. मुलगी बारावीला, आई थकलेली. एकीला रात्री दिवा हवा, दुसरीला अंधार. पतसंस्थेचे कर्ज मोजकेच होते.

आखणीच्या दिवशी एकाने विचारले, "मुहूर्त पाहिला का?" म्हटले, मुहूर्त आपल्या वडीलधाऱ्यांनी १९५६ सालीच नागपूरला सोडला. आता त्या जागी मोजमाप आले पाहिजे.

जुन्या भिंतीची रेषा पायाभूत धरली. कोपऱ्यापासून एका सुतळीवर ६ फूट, दुसरीवर ८ फुटांवर खूण केली. दोन खुणांमध्ये बरोबर १० फूट भरले, की कोपरा काटकोनात. मग दोन्ही कर्ण मोजले. १० बाय १२ च्या चौकटीत कर्ण सुमारे १५ फूट साडेसात इंच येतो. दोन्ही सारखे आले तेव्हाच फक्की टाकली. खुंट्या चरापासून तीन फूट दूर ठोकल्या, म्हणजे खोदताना उखडत नाहीत आणि सुतळी पुन्हा बांधता येते. टेपचे दुसरे टोक मुलीच्या हाती होते.

अडीच फुटांवर मिस्त्री म्हणाले, "भाऊ, आता दगड भरू. सगळे एवढेच खोदतात." माझ्या पत्नीने कितीतरी वर्षे बांधकामावर घमेली वाहिली आहेत. ती चरात उतरली, माती बोटांत मळली आणि म्हणाली, "अजून चिकटते जी. मुरूम नाही लागला."

मुरूम साडेचार फुटांवर लागला. फरशीचे पैसे त्या दोन फुटांत गेले. जुन्या पायालगत सलग चर न काढता थोडे खोदले, लगेच भरले, मग पुढचे खोदले. नाहीतर जुन्या भिंतीचा आधार सुटतो. नवी भिंत नव्याने बसते, म्हणून दोन्ही भिंतींत इंचभर सांधा ठेवला. खोदलेली काळी माती जोत्यात परत टाकली नाही. मुरूम थराथराने भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकला.

आपल्या माय-बहिणींनी दुसऱ्यांच्या घरांचे किती पाये पाहिले आहेत! हजेरीपटावर त्यांचे दिवस मांडले जातात, त्यांची पारख नाही. स्वतःचे घर बांधताना तरी त्यांना चरापर्यंत बोलवा आणि त्यांचे ऐका. आमच्या खोलीत आज साधा कोबा आहे. फरशी पुढच्या बोनसला बसेल. पाया मात्र एकदाच काढता येतो.