सेल्फ गेला, आता कोणता?

काकांची टाटा ४०७ गेले दोन महिने उताराशिवाय कुठेच मुक्काम करत नाही. सेल्फ मारला की नुसतं ‘टक’. मग पहाटे ३ ला क्लीनर ढकलतो, काका क्लच सोडतात आणि भाजीने भरलेली गाडी अंधारात घरंगळते. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप इंजिन चालू असेल तरच चालतो, हे कळल्यावर माझी झोपच उडाली. काका ६५ चे आहेत हो!

इलेक्ट्रिशियनने आधी बॅटरी आणि अर्थिंगची वायर तपासली (उगाच बदनाम होतो बिचारा सेल्फ). दोन्ही ठणठणीत. आर्मेचरच जळलेलं. नुसते कार्बन झिजले असते तर दुरुस्ती परवडली असती.

शनिवारी नाना पेठ. काकांचं एकच, ‘‘रिवाइंड करून टाकू.’’ माझा डोळा गिअरवाल्या नव्या सेल्फवर. आत छोटी, भन्नाट वेगाने फिरणारी मोटर, गिअर तिची ताकद वाढवतो. वजनाला हलका, बॅटरीवर ताणही कमी.

पण दिसायला सेम म्हणजे बसेलच असं नाही, बॉस. १२ व्होल्ट की २४, किलोवॅट किती, फिरतो कुठल्या दिशेने, बोल्टची भोकं जुळतात का, सगळं बघायचं. जुना सेल्फ पिशवीतून न्यायचा आणि शेजारी ठेवून पिनिअनचे दात मोजायचे. दात चुकीचे बसले तर फ्लायव्हीलची रिंग खराब होते, आणि ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

काकांनी दात दोनदा मोजले. बिल माझ्याकडे सरकवलं, वॉरंटी कार्ड स्वतःच्या खिशात ठेवलं.