सिन्नरला थांबा, दगड बघायला!

शिर्डीला जाताना सिन्नर लागतं, आपण एक कटिंग मारतो आणि पुढे सुटतो. पुढच्या वीकेंडला तिथेच थांबा. नाशिकपासून जेमतेम ३० किलोमीटरवर, एमआयडीसीच्या शेजारात ‘गारगोटी’ हे खनिजांचं म्युझियम आहे. के. सी. पांडे यांनी जमवलेला हा खजिना. पीच रंगाचा स्टिल्बाइट, सुयांच्या पंख्यासारखा स्कोलेसाइट, मोत्यासारखा चमकणारा ह्यूलँडाइट... फॉरेनचा माल वाटतो ना? पण यातला बराचसा आपल्याच काळ्या कातळाच्या पोटातून निघालाय.

या मंडळींचं घराणं झिओलाइट. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा दगड तापवला, तर आतलं पाणी वाफ होऊन दगड चक्क उकळल्यासारखा दिसला. म्हणून नाव ‘उकळणारा दगड’!

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी झिरपलं, दगडातले क्षार विरघळवत या पोकळ्यांत आलं आणि स्फटिक धरू लागले. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर स्कोलेसाइट, सोडियम जास्त असेल तर त्याचा भाऊ नॅट्रोलाइट. तापमान बदललं की मेनूही बदलतो.

कारखान्यात मात्र हेच काम तासांत उरकतं. सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि कॉस्टिकची जेल १०० अंशांच्या आसपास ठेवली की ‘झिओलाइट ए’ तयार. तो डिटर्जंटमध्ये पाण्याचा जडपणा घालवतो. पण तिथे एकदम असंख्य स्फटिक जन्मतात, माल सगळ्यांत वाटला जातो आणि कुणीच मोठं होत नाही, आकार मायक्रॉनमध्ये. बरं, जेल जास्त वेळ ठेवली तर स्फटिक वाढण्याऐवजी विरघळून वेगळंच खनिज, सोडालाइट बनतं. पोकळीत उलट. बीजं मोजकी, पुरवठा संथ. म्हणून तळहाताएवढा स्टिल्बाइट.

ही पोकळी बाहेरून दिसत नाही. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लागल्यावरच ती उघडते. म्हणजे खाण नसती तर हे काचेच्या कपाटात आलंच नसतं. पण वेळेवर कुणाची नजर पडली नाही, तर तोच दगड क्रशरमधून निघतो आणि खडी होऊन आपल्या रस्त्याखाली जातो. कोट्यवधी वर्षांचं काम, पाच मिनिटांत खल्लास!

निघण्याआधी म्युझियमची वेळ विचारून घ्या. आणि परतताना घाटात गाडी हळू चालवा. कापलेल्या कातळात पांढरे ठिपके दिसले, तर त्यांतले काही नक्की याच घराण्यातले असतील.