समेची जागा

तबलजी नाशिकला, पेटीवाले कोल्हापूरला, गायिका आणि मी पुण्यात, आपापल्या घरी. रविवारी सकाळी आम्ही जॅम्युलसवर, म्हणजे नेटवरून एकत्र गाण्या-वाजवण्याच्या सॉफ्टवेअरवर जमतो; सर्व्हर मुंबईतला. गाण्याआधी माझा आग्रह ठरलेला: वायफाय बंद करा, लॅनची केबल लावा, ब्लूटूथ नको, तारेचा हेडफोन घ्या.

हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. बैठकीत तीन मीटरवरच्या तबल्याची थाप गायिकेपर्यंत पोचायला सुमारे 9 मिलिसेकंद लागतात. ते कुणाला जाणवतही नाहीत. हाच उशीर 30 च्या पुढे गेला, की जो तो दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय ओढली जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ यांनी दोघांना दोन खोल्यांत बसवून नुसत्या टाळ्या वाजवायला लावल्या, तेव्हाही हेच दिसलं.

यावर उपाय म्हणजे स्वतःचा आवाजही सर्व्हरवरून परत येईल तोच ऐकायचा. चाटीवर बोट पडतं आणि ‘ना’ मागून येतो. तबलजींना हे फार जड गेलं. पण हात सरावला, की सगळ्यांची सम एकाच जागी पडते. ती जागा सर्व्हरवर असते.

मिक्सिंगला बसतो तेव्हा माझ्याकडे दोन संच असतात. एक सर्व्हरने टिपलेला, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. नेट अडखळलं तिथे तुटलेला. दुसरा ज्याने त्याने घरी केलेल्या स्वच्छ रेकॉर्डिंगचा. घरचा आवाज मी सर्व्हरच्या ट्रॅकवर बसवतो. दोन ऑडिओ कार्डांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत 20 एवढाच फरक असला, तरी अर्ध्या तासात 36 मिलिसेकंद सरकतात. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे सगळ्यांकडून टाळी घेतो. मग चौघांच्या चार खोल्यांचा नाद जरा दाबून सगळ्यांना एकच रिव्हर्ब देतो, एका घरात बसल्यासारखा.

एका अभंगात मात्र मी भजनी ठेक्याचा प्रत्येक बोल मात्रेच्या रेघेवर नेऊन बसवला. ऐकायला नेटकं झालं, पण गाण्यातला जीव गेला. तबलजी ऐकून एवढंच म्हणाले, “दादा, तिथे ताई श्वास घेत होत्या. मी थांबलो होतो.”

सर्व्हरचा ट्रॅक उघडला. समेवरचा बोल खरोखरच किंचित उशिरा होता आणि त्याच्या आधी गायिकेचा श्वास होता. तो श्वास मीच सफाईच्या नावाखाली पुसून टाकला होता. म्हणजे थांबण्याचं कारणही काढलं आणि थांबणंही.

दोन्ही परत जागेवर ठेवले. नाशिकच्या माणसाने पुण्यातला श्वास ऐकला आणि हात आवरला, यालाच मी साथ म्हणतो. आता मिक्स करताना आधी श्वास शोधतो, मग सम.