थांबायचे, पण किती?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. खर्चाला हातभार म्हणून संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात एका दुकानात ऑनलाइन अर्ज भरतो. तेथे एकाच संगणकावर दोन प्रोग्रॅम चालतात. एक अर्जाची नोंद करतो, दुसरा पावतीचा क्रमांक टाकतो. दोघांची फाइल मात्र एकच. दोघांनी एकदम लिहिले तर नोंदी बिघडतात. म्हणून लिहिणारा फाइलला कुलूप लावतो आणि दुसरा बाहेर थांबतो.

एके दिवशी पावतीचा प्रोग्रॅम गप्पच झाला. चूक दाखवीना, पुढेही सरकेना. दारात रांग लागली. पाहतो तो पहिला प्रोग्रॅम कुलूप धरून, 'हो की नाही' या प्रश्नाच्या उत्तरासाठी अडून बसलेला!

मालकांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने पायथॉनमधल्या 'फाइललॉक' लायब्ररीचा नियम सांगितला. आकडा शून्य असेल तर एकदाच कडी वाजवायची आणि परतायचे. दहा असेल तर दहा सेकंद वाट पाहून 'कुलूप मिळाले नाही' असे कळवायचे. उणे एक म्हणजे कायमचे थांबायचे.

"आणि आकडा सांगितलाच नाही तर?"

"तर उणे एकच धरतात."

मला एकदम अण्णा आठवले. माझ्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला हवा होता. ऐन पेरणीत ते तालुक्याच्या कचेरीत तीन दिवस बाकावर बसले. 'थांबा' एवढेच त्यांना सांगितले गेले. किती, ते कोणी सांगितले नाही. विचारायचे धाडस त्यांना झाले नाही. दाखला हाती आला तेव्हा अर्जाची मुदत संपली होती. मी त्यांच्यावरच ओरडलो. ते काही बोलले नाहीत.

आम्ही आकडा दहा केला. मुलाने बजावले, "दहा सेकंद झाले म्हणून कुलूप तोडून लिहायचे नाही. गिऱ्हाइकाला खरे सांगायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा."

हल्ली कोणी वडीलधारे कागद घेऊन आले की मी नुसते 'थांबा' म्हणत नाही. "अर्धा तास लागेल, काका. नाही झाले तर उद्या सकाळी या," असे सांगतो. ते निवांत चहाला जातात.

येत्या रविवारी गावी जाणार आहे. अण्णांना एवढेच सांगायचे आहे, चूक तुमची नव्हती.